मदत हवी आहे : चित्रकार-कवी सरांच्या नावाने पुरस्कार आणि प्रदर्शन सुरू करायचं आहे

कृष्णाकाठ

सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या आमच्या सरांच्या स्मरणार्थ माजी विद्यार्थ्यांनी ६ लाख रुपये जमवले आहेत. सर जलरंगात काम करत आणि कविताही लिहीत. म्हणून दरवर्षी एक नवोदित चित्रकार आणि एक नवोदित कवी निवडावा, प्रत्येकी २५ हजार द्यावेत आणि कोल्हापूरला शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात पाच दिवसांचं प्रदर्शन भरवावं, असं ठरतंय. चित्रांसोबत कविताही भिंतीवर लावायच्या आहेत.

ट्रस्ट काढावा की एखाद्या जुन्या संस्थेकडे रक्कम सोपवावी? नवोदित कुणाला म्हणायचं? परीक्षण कसं करावं? कविता भिंतीवर कशा लावतात? रक्कम सध्या आमच्यातल्या एकाच्या बचत खात्यात आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

हिशेबनीस

सगळ्यात आधी त्या बचत खात्याचं बघा. वैयक्तिक खात्यातल्या पैशाचं व्याज त्या माणसाचं उत्पन्न धरलं जातं आणि उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर रक्कम वारसांकडे जाते. कुणाची नियत वाईट नसली तरी निधी अडकतो. देणगीदारांची नावं, रकमा आणि तारखा यांची यादी आजच करा, त्यावर तिघांच्या सह्या घ्या.

आता गणित. ६ लाखांवर ७ टक्के धरले तर वर्षाला ४२ हजार येतात. तुम्हाला नुसत्या बक्षिसांनाच ५० हजार लागणार, म्हणजे पहिल्याच वर्षी मुद्दलाला हात. व्याज पूर्ण खर्च केलं तरी महागाईने दहा वर्षांत बक्षिसाची किंमत निम्म्याच्या आसपास येते. म्हणून ४२ मधले ३० हजार खर्चा आणि १२ हजार मुद्दलात परत टाका. दोन वर्षांचे ६० हजार हातात येतात. एक वर्ष चित्रकला, एक वर्ष कविता आणि दोघांचं मिळून प्रदर्शन दोन वर्षांतून एकदा, असं केलंत तर प्रत्येकी १५ हजारांचे दोन पुरस्कार होतात आणि प्रदर्शनाला ३० हजार उरतात. आकडा लहान वाटेल, पण तो दरवेळी नक्की मिळेल.

स्वतंत्र ट्रस्ट एवढ्या रकमेसाठी काढू नका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज, आणि आयकर सवलतीची नोंदणी त्याहून वेगळी. लेखापरीक्षकाची फी आणि धावपळ यातच व्याजाचा मोठा वाटा जातो. शिवाय दहा वर्षांनी ते करायला कोण उरतं हा प्रश्न आहेच. नोंदणीकृत, दरवर्षी हिशेब देणारी जुनी कला किंवा साहित्य संस्था बघा. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागा. द्यायला कुरकुर करणाऱ्या संस्थेच्या वाटेला जाऊ नका.

देणगीपत्रात ही रक्कम कायम निधीसाठी, म्हणजे मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरण्यासाठी आहे असं लेखी नसेल तर ती चालू देणगी धरली जाते आणि संस्था ती रंगरंगोटीलाही वापरू शकते. पुरस्काराची रक्कम रुपयांत बांधू नका. जुन्या स्मृतिपुरस्कारांचं नेमकं इथेच बिघडतं. तेव्हाची भरघोस रक्कम आज हारतुऱ्याच्या खर्चाएवढीही राहत नाही. त्याऐवजी ‘वार्षिक व्याजाचा अमुक हिस्सा’ असं लिहा. एखाद्या वर्षी पुरस्कार दिला नाही तर ते व्याज याच निधीत राहील, निधीचं खातं ताळेबंदात वेगळं दिसेल, संस्था बंद पडली तर रक्कम कोणत्या दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे जाईल, ही तीन कलमंही हवीतच. आणखी देणगी घेणार असाल तर २ हजारांवरची रोख घेऊ नका, देणाऱ्याला त्यावर आयकरात वजावट मिळत नाही.

मुक्तछंद

नवोदित म्हणजे पस्तिशीच्या आतला, असं सरसकट लिहू नका. साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराला ३५ ची अट आहे, कारण तो वयावरच बेतलेला आहे. तुम्ही कामाची अवस्था बघा. घर-शेती सांभाळून चाळिशीत लिहायला लागलेली बाई किंवा निवृत्तीनंतर कुंचला हातात धरलेला माणूस नवोदितच असतो, वयाच्या अटीत तो आपोआप बाद होतो.

दुसरं म्हणजे, पहिला कवितासंग्रह आलेल्यांसाठी दारं आहेत. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनासाठी बहिणाबाई चौधरी पुरस्कार आहे, मुक्त विद्यापीठाच्या कुसुमाग्रज अध्यासनाचा विशाखा पुरस्कार आहे. संग्रह यायच्या आधीच्या कवीकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष नसतं, आणि पदरचे पैसे घालून घाईने संग्रह काढण्याची चूक तो नेमकी याच काळात करतो. तुमचा पुरस्कार त्याच्यासाठी ठेवा. नियम एका ओळीत बसतो: कवीचा एकही संग्रह प्रसिद्ध नसावा, चित्रकाराचं एकही एकल प्रदर्शन झालेलं नसावं. नियतकालिकांत आलेल्या कविता आणि समूह प्रदर्शनं चालतील, हेही स्पष्ट लिहा, नाहीतर याच शंकेचे फोन येत राहतील.

प्रवेशशुल्क ठेवू नका. कवींकडून पाच कविता मागवा, दहा नकोत. पाचांत आवाका कळतो आणि परीक्षक शेवटपर्यंत नीट वाचतो. मजकूर युनिकोडमध्येच मागवा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की जोडाक्षरं फुटतात, आणि परीक्षकाला ती कवीचीच चूक वाटते. ज्यांना टंकन जमत नाही त्यांची हस्तलिखितं घ्या आणि तुमच्यापैकी कुणीतरी टाइप करून कवीकडून तपासून घ्या. ओळ कुठे तुटते आणि कुठे एक ओळ मोकळी सोडली आहे, हेही तपासायचं. शुद्धलेखन परस्पर दुरुस्त करू नका. बोलीतला ‘व्हतं’ हा शब्द कवीने मुद्दाम लिहिलेला असतो.

नाव झाकण्याचं काम परीक्षकांवर सोडू नका. प्रवेशिका आल्या की एकाने क्रमांक द्यायचे, नावांची यादी स्वतःजवळ ठेवायची आणि फाइलच्या नावातून व गुणधर्मांतून नाव काढायचं. हा माणूस परीक्षक नसावा.

कृष्णाकाठ

हिशेबनीस, मुक्तछंद, मनापासून आभार. वर्षाआड प्रदर्शनाची कल्पना सगळ्यांना पटेल असं वाटतं. परीक्षक किती घ्यावेत? आणि गुणांची बेरीज करून निकाल लावला तर चालतं का?

मुक्तछंद

प्रत्येक विभागाला तीन. दोघांत पेच पडला तर सुटत नाही, पाच जणांचं मानधन तुम्हाला झेपणार नाही.

बेरजेत एक खोट आहे. दोन परीक्षक सगळ्यांना ६० ते ७० मध्ये गुण देतात, तिसरा ३० पासून ९५ पर्यंत देतो. बेरीज केली की निकाल त्या तिसऱ्याचाच लागतो, कारण फरक त्याच्याच गुणांत आहे. म्हणून गुण न मागता प्रत्येकाकडून पहिल्या दहांचे क्रम मागवा. पहिल्याला १०, दुसऱ्याला ९, असं खाली १ पर्यंत मोजा. याद्या एकमेकांना न दाखवता आधी तुमच्याकडे येऊ द्या, मग तिघांना एकत्र बसवा. आधी बसवलं तर ज्येष्ठ माणूस बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. आपला विद्यार्थी किंवा नातेवाईक ओळखू आला तर त्या प्रवेशिकेपुरतं बाजूला होण्याची अट परीक्षकाला देण्याच्या पत्रातच घाला. पुरस्कारयोग्य काही नाही असं ठरवायचा हक्कही त्यांना द्या.

जलरंग

चित्रांचं बघू. पहिली फेरी छायाचित्रांवर घ्या, मूळ चित्रं फक्त निवडलेल्या पंधरा-वीस जणांची मागवा. गडचिरोलीच्या मुलाने न निवडल्या जाणाऱ्या चित्राचा येण्या-जाण्याचा खर्च का सोसावा? निवडलेल्या चित्रांचा दोन्ही बाजूंचा खर्च तुम्ही करा. तुमच्या ३० हजारांत पहिला हक्क याचा, मग विमा, मग कवितांची छपाई, आणि उरलं तर उद्घाटन. विमा ‘खिळ्यापासून खिळ्यापर्यंत’चा हवा, म्हणजे चित्रकाराच्या भिंतीवरून निघाल्यापासून परत तिथे पोचेपर्यंत. नुसत्या दालनातल्या मुक्कामाचा विमा घेऊन उपयोग नाही, नुकसान बहुतेक वाहतुकीत होतं.

छायाचित्र ढगाळ उजेडात, काच काढून, कॅमेरा चित्राच्या बरोबर मध्याला समांतर धरून घ्यायला सांगा. खोलीतल्या पिवळ्या दिव्याखाली काढलेला फोटो निळे-जांभळे रंग मारून टाकतो आणि जलरंगाचा जीवच तिथे असतो. सही झाकायला सांगा.

आकाराची मर्यादा चौकटीसह द्या. भिंतीचा हिशेब असा: समजा भिंत ३० फूट, म्हणजे ३६० इंच. २४ इंच रुंदीची ८ चित्रं, १९२ इंच. मधली आणि कडेची मिळून ९ अंतरं प्रत्येकी १८ इंच, १६२. बेरीज ३५४, झाली भिंत पूर्ण. नववं चित्र कोंबायचा मोह होईल, तो टाळा. कविता लावायच्या असतील तर ८ च्या जागी ६ च चित्रं धरा. वाचणारा माणूस एका जागी उभा राहतो आणि त्याच्या मागून गर्दी सरकायला वाव लागतो.

चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर ठेवा. खिळ्याची उंची काढताना चुकतं ते दोरीमुळे. ३० इंच उंचीच्या चित्राची दोरी ताणल्यावर वरच्या कडेपासून ४ इंच खाली येत असेल, तर ५८ अधिक १५ वजा ४, म्हणजे ६९ इंचांवर खिळा. प्रत्येक चित्राची दोरी ताणून मोजा, अंदाजाने ठोकलेली रांग वरखाली दिसते.

कागदावरच्या चित्रांसाठी आम्लविरहित माउंट, म्हणजे चौकटीतला चित्राभोवतीचा आणि मागचा जाड बोर्ड, वापरा. साध्या बोर्डाची कापलेली कड काही वर्षांत पिवळी पडते आणि तो डाग चित्रावर उतरतो. चित्र चारी बाजूंनी चिकटवू नका. कागद दमट हवेत फुगतो, कडा धरून ठेवल्या की मधे पोट येतं. वरच्या कडेला दोनच ठिकाणी पातळ जपानी कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावा, खालचा भाग मोकळा लोंबू द्या. जुलै-ऑगस्टला प्रदर्शन धरू नका, काचेच्या आत बाष्प धरून बुरशी येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पण दालनाची तारीख लवकर धरावी लागते.

प्रवासात काचेवर चिकटपट्टी आडवी-उभी लावा, फुटली तरी तुकडे चित्रावर पडत नाहीत. ॲक्रिलिकच्या पत्र्यावर मात्र ती लावायची नाही, डिंक निघत नाही. फुग्यांचं प्लॅस्टिक गुंडाळताना फुगे बाहेरच्या बाजूला ठेवा. आत ठेवले तर तैलचित्रावर गोल ठसे उठतात, विशेषतः रंग पुरता वाळलेला नसेल तेव्हा.

जाता जाता, मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली उघडली तीही सर कावसजी जहांगीर यांच्या दिवंगत मुलाच्या नावानेच. आठवणीला भिंत आणि उजेड दिला की त्यातून पिढ्यान्‌पिढ्या चित्रकार उभे राहतात.

मुक्तछंद

भिंतीवरच्या कवितेबद्दल. आठ-दहाच लावा, प्रत्येकी २० ओळींच्या आत. दीड मीटरवरून वाचायला ३० पॉइंटचं अक्षर लागतं, त्याखाली अनुस्वार आणि रफार दिसेनासे होतात. आधी सगळ्यांत लांब ओळ मोजा आणि त्यावरून कागदाचा आकार ठरवा. उलट केलं की लांब ओळ मोडून खाली येते आणि कवितेत नसलेली एक ओळ तयार होते. छपाईला देताना अक्षरांच्या बाह्यरेषा (आउटलाइन) केलेली पीडीएफ द्या, म्हणजे छापखान्यात फॉन्ट नसला तरी अक्षरं बदलत नाहीत. ५ मिलिमीटरच्या सनबोर्डवर (हलका फोमचा बोर्ड), मॅट लॅमिनेशन. चकचकीत नको, वाचताना दिव्याची तिरीप येते. फ्लेक्स तर नकोच. चित्राच्या फोटोवर कविता छापू नका, दोघांचाही अपमान होतो. कविता चित्राखाली लावली की ती चित्राच्या माहितीची पट्टी वाटते, म्हणून तिला स्वतःची जागा द्या.

हक्कांचं लेखी घ्या. प्रताधिकार कवीचाच. परवानगीपत्रात मुदत लिहिली नाही तर कायद्याने ती पाच वर्षं धरली जाते, म्हणून प्रदर्शनासोबत पुस्तिका काढणार असाल तर ‘या एका प्रदर्शनापुरती आणि एका पुस्तिकेपुरती’ असंच लिहा. पुस्तिकेत प्रत्येकाच्या दोनच कविता छापा आणि त्या कवीला निवडू द्या. छापली की ती प्रसिद्ध झाली, मग अप्रकाशित कविताच घेणाऱ्या अंकांना पाठवता येत नाही. पानं चारच्या पटीत ठेवा, १६ पुरतील.

कृष्णाकाठ

एक शेवटचं. सरांची स्वतःची चाळीसेक जलरंग चित्रं आणि कवितांच्या वह्या त्यांच्या घरी आहेत. काहींवर सेलोटेप आहे, काहींवर करडे ठिपके आलेत. पहिल्या प्रदर्शनात लावायची इच्छा आहे.

जलरंग

वारसांची लेखी परवानगी घ्या. चित्राचा मालक आणि प्रताधिकाराचा मालक वेगळे असू शकतात, आणि सरांचा प्रताधिकार निधनानंतर ६० वर्षं वारसांकडे आहे. छायाचित्रं छापणार असाल तर तेही परवानगीत यायला हवं.

सेलोटेप ओढू नका, कागदाचा वरचा पापुद्रा रंगासकट येतो. ठिपके असलेली चित्रं लगेच बाकीच्यांपासून वेगळी करा, कोरड्या हवेशीर खोलीत ठेवा, उन्हात वाळवू नका. ओल्या फडक्याने पुसायचं तर नावच नको, बुरशी कागदात आणखी पसरते. अशी चित्रं कागद-संवर्धकाच्या हाती द्या. पहिल्या प्रदर्शनात धड अवस्थेतली पाच-सहाच लावा, दाराजवळच्या वेगळ्या भिंतीवर, आणि चित्रावरचा उजेड ५० लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) वर जाऊ देऊ नका. मोठी भिंत नवोदितांसाठी ठेवा.

वह्यांची पानं सुटी करू नका. वही जेवढी सहज उघडते तेवढीच उघडून वरून फोटो घ्या, कोरी आणि खोडलेली पानंसुद्धा, क्रमाने.