इंडी गेमसाठी पैसे नेमके कुठे घालावेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इंदूरला रामबागेत आम्ही चार-पाच मित्र आहोत, सगळे नोकरीवाले, रात्री जेवणं उरकली की पीसीसमोर बसणारे. मोठ्या कंपन्यांच्या गेमचा आता वीट आलाय. दरवर्षी तीच बंदूक, तेच मैदान, वर गेममधल्या पात्रांच्या कपड्यालत्त्याचे पैसे वेगळे! म्हणून ठरवलं, दर महिन्याला वर्गणी काढायची आणि ती फक्त छोट्या, स्वतंत्र डेव्हलपरांच्या गेमवर घालायची. भाचा हसतो. "मामा, तुमच्या पाचशे रुपयांनी कुणाचं काय हलणारे?"

२०१७ मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' या गेमच्या लूट बॉक्सवरून (आत काय निघेल ते आधी न कळणाऱ्या बक्षिसांच्या पेट्या) खेळाडूंनी एवढा गदारोळ केला की ईए या बड्या गेम कंपनीला ऐन रिलीजच्या तोंडावर गेममधली पैशांची खरेदी बंद करावी लागली. (पुढे ती बदललेल्या रूपात परत आली, ते सोडा.) म्हणजे नको ते आपण अडवू शकतो. हवं ते उभं करू शकतो का? 'हॉलो नाइट' या इंडी गेमला २०१४ मध्ये लोकांनी किकस्टार्टरवर (लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायची साइट) पैसे दिले, २०१७ मध्ये गेम आला. उलट पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओच्या 'राजी'ची किकस्टार्टर मोहीम फसली, तरी २०२० मध्ये गेम निघालाच, प्रकाशक मिळाल्यावर. मग भाचा बरोबर का?

स्टीम हे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान विक्रीतून साधारण ३० टक्के कापून घेतं. इच.आयओ या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात, दुकानाला किती टक्के द्यायचे ते डेव्हलपरच ठरवतो. एखादा गेम दोन्हीकडे असेल तर इच.आयओवर घेतलेला बरा, की स्टीमवर घेऊन रिव्ह्यू लिहिणं जास्त कामाचं? आणि आमच्यातले दोघं गेम विशलिस्टला (पुढे घ्यायच्या गेमची यादी) टाकून सेलची वाट बघत बसतात, त्याने डेव्हलपरच्या पदरात काही पडतं का?

मला स्वतःला अर्ली ॲक्सेस, म्हणजे गेम पुरा व्हायच्या आधीच विकत घेऊन खेळणं, पटतं. 'हेडीज' २०१८ ते २०२० असाच, खेळाडूंचं ऐकत ऐकत घडला. पण मित्र अडून बसलेत, डेव्हलपरने मध्येच काम सोडलं तर? स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो खरा, पण असे गेम रखडतात ते वर्षभराने.

इथे कुणी स्वतः गेम बनवून विकत असेल तर आधी त्यांनी सांगावं. या महिन्याची वर्गणी अजून शिल्लक आहे.