प्रति: डीबीएसच्या बॅटरीपेक्षा सेन्सिंग महत्त्वाचं

"डीबीएस यंत्राची बॅटरी मोठी केली की प्रश्न सुटेल" असं मत कुणीतरी मांडलंय, ते पटलं नाही. पार्किन्सनच्या डीबीएसमध्ये (मेंदूत बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून विजेचे स्पंद देण्याचा उपचार) खरी अडचण सेन्सिंगची, म्हणजे मेंदूचा सिग्नल पकडण्याची आहे. यंत्र विजेचे स्पंद सोडतं व्होल्टमध्ये. मेंदूच्या १३ ते ३० हर्ट्झच्या बीटा लहरी असतात जेमतेम काही मायक्रोव्होल्टच्या. म्हणून करंट मधल्या इलेक्ट्रोडमधून देतात आणि त्याच्या वरच्या-खालच्या इलेक्ट्रोडमधला फरक मोजतात. दोन्हीकडे सारखाच पोचलेला गोंगाट वजा होतो.

पकडलेल्या सिग्नलच्या नोंदींचंही बघा. मेडट्रॉनिक कंपनीचं पर्सेप्ट हे डीबीएस यंत्र घरच्या वापरात सिग्नलची दर १० मिनिटांची सरासरी ठेवतं. माझ्या काकांचं पाऊल दारात क्षणभर जमिनीला खिळतं, ते या सरासरीत कुठून दिसणार? त्या वेळी पेशंटने स्वतः नोंद केली तरच डॉक्टरांना त्या सुमाराचा सिग्नल मिळतो. ही सोय घरच्यांना आवर्जून शिकवायलाच हवी.