अनुभव धागा: फॅरल शिष्ट की शिस्तीचा?

मांडवीकाठ
परवा ग्रुपवर कुणीतरी 2019 च्या रग्बी वर्ल्ड कपची योकोहामाची क्लिप टाकली. समोर न्यूझीलंडचा हाका (सामन्याआधीचा त्यांचा आव्हानाचा नाच), इंग्लंडवाले 'व्ही' आकारात उभे, आणि कॅमेरा जाऊन थांबतो इंग्लंडचा कॅप्टन ओवेन फॅरलच्या तोंडावर. ओठांच्या एका कोपऱ्यातलं ते हसू! 'व्ही'च्या टोकाचे काही जण मधली रेघ ओलांडून गेले म्हणून इंग्लंडला 2,000 पौंड दंड झाला, आणि सामना त्यांनी 19-7 जिंकला. तेव्हापासून निम्मी दुनिया त्याला शिष्ट म्हणते, उरलेली म्हणते असा कॅप्टन पुन्हा होणे नाही.
क्लिपखाली लगेच भांडण पेटलं, म्हणून हा धागा. टॅकल (चेंडूवाल्याला धरून पाडणं), किक, रेफरी, ज्याला जे नीट कळतं ते त्याने लिहावं. एकच विनंती, 'मी पण एके काळी' नको. चवथीला आलेल्या पाहुण्यांकडून ते ऐकून कान किटलेत.

धा नंबर
किकपासून सुरू करतो, कारण शिष्टपणाचा निम्मा आरोप तिथूनच येतो. ती मान. चेंडू बघ, खांब बघ, परत चेंडू, परत खांब. लोकांना वाटतं नाटक करतोय. अहो, इंग्लंडचा आधीचा किकर विल्किन्सन हात जोडून वाकायचा तेव्हा त्याला सगळे तपस्वी म्हणत होते. काम दोघांचं एकच: श्वास जागेवर आणायचा, डोक्यातला गोंगाट बंद करायचा.
बाकी क्रम ठरलेला. टीवर (चेंडूच्या छोट्या बैठकीवर) चेंडू ठेवताना शिवण निशाणाच्या रेषेत. मोजून मागे, मोजून बाजूला. टेकणारा पाय चेंडूच्या बाजूला वीतभर अंतरावर, बोटं खांबांकडे. लाथ चेंडूच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, पायाच्या वरच्या हाडाने, बोटांनी नव्हे. टेकणारा पाय चेंडूला चिकटला तर उजव्या पायाची किक डावीकडे ओढली जाते. अंग मागे गेलं तर चेंडू माडाएवढा वर जातो आणि दांडीच्या अलीकडे पडतो. दहातल्या आठ चुका या दोनच.

कुडचडेकर
एवढं सगळं करून घड्याळ बघायला विसरला की मग सामोआ होतं 😂

धा नंबर
येतोच तिथे. 7 ऑक्टोबर 2023, वर्ल्ड कप, लील, इंग्लंड विरुद्ध सामोआ. पेनल्टी किकला 60 सेकंद मिळतात, घड्याळ मोठ्या पडद्यावर उलटं चालू असतं. फॅरल खांबांसमोर, अगदी सोपी जागा, आणि मान हलवत उभा. वेळ संपला. नियम साधा आहे: किक बाद, समोरच्याला स्क्रम (दोन्हीकडचे जण भिडून चेंडूसाठी ढकलतात ती). इंग्लंड तेव्हा मागे होतं. पुढे डॅनी केअरने ट्राय केला (चेंडू समोरच्यांच्या रेघेपलीकडे टेकवला) आणि त्यावरची दोन गुणांची किक ह्याच फॅरलने घातली. 18-17. त्याच सामन्यात त्याने विल्किन्सनचा 1,179 गुणांचा इंग्लंडचा विक्रमही मोडला. एकाच संध्याकाळी विक्रम, हसं आणि विजय! आता सांगा, लोक दोन बाजूंना जाणार नाहीत तर काय?

वास्कोची बाय
घड्याळाचं पोरांनाही शिकवावं लागतं. सेव्हन्समध्ये (सात-सात जणांच्या रग्बीत) तर टीच नाही, ट्रायनंतरची किक ड्रॉपकिकने, चेंडू टप्पा खाऊन वर येतो त्या क्षणाला लाथ. आणि वेळ 30 सेकंद. मान हलवायला फुरसत कुणाला?

माडीचा खांब
सेव्हन्सचं निघालं म्हणून. आपल्याकडे सगळी मैदानं फुटबॉलची. पोरं फुटबॉलच्या गोलावरून किक मारून सराव करतात आणि सगळ्या जातात म्हणून खूश. फुटबॉलचे खांब एकमेकांपासून 7.32 मीटर लांब, आडवी दांडी 2.44 वर. रग्बीच्या खांबांमधलं अंतर 5.6 मीटर, दांडी 3 मीटरवर. गोलामागे माडीचे (पोफळीचे) दोन सरळ खांब 5.6 वर पुरायचे आणि मध्ये तीन मीटरवर सुंभ बांधायचा. मग कळतं किती जातात.

कुडचडेकर
माडीच्या एका खांबाचा भाव आता विचारू नका.

माडीचा खांब
बागायतीत पडलेली माडी उचला की. वाळवी लागलेली नको तेवढं बघा. बुडाकडे डांबर फासायचं.

टॅकल मास्तर
किकवरून त्याला कुणी व्हिलन केला नाही, केला तो टॅकलवरून. थोडं लांबेल, चालवून घ्या.

बरोबर टॅकल: शेवटची दोन पावलं छोटी. पुढचा पाय समोरच्याच्या जवळ. कमरेतून आणि गुडघ्यातून खाली, पाठ सरळ, नजर वर. आपला गाल त्याच्या ढुंगणाला लागला पाहिजे (हसू नका, जगभर मुलांना असंच शिकवतात), म्हणजे डोकं आपोआप मागे सुरक्षित राहतं. मग खांदा, आणि खांद्यासोबत दोन्ही हात घट्ट कवळायचे. पाय थांबवायचे नाहीत.

फॅरलचं काय होतं? तो ताठ उभा राहून येतो, आणि हात अंगाला चिकटलेला, खांदाच पुढे. खाली बसणं राहून जातं. आपण सरळ उभे आणि समोरचा जरा वाकला, की आपला खांदा आणि त्याचा जबडा एका उंचीवर. 2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या एस्टरहेझनला शेवटच्या क्षणी असाच भिडला, पेनल्टीसुद्धा मिळाली नाही, इंग्लंड 12-11 ने जिंकलं. खरी चिडचिड तिथून सुरू झाली. 'ह्याला सगळं माफ' हे वाक्य आजही त्याच सामन्याच्या नावावर चालतं. बंदी मात्र झालेली आहे: 2016, 2020, 2023 चा जानेवारी. त्या जानेवारीत तर टॅकल शिकण्याचा कोर्स केल्यावर एक सामना कमी झाला.

शांत दुपार
आणि कोर्स करून ऑगस्टमध्ये परत तेच 🙈

टॅकल मास्तर
हो ना. 12 ऑगस्ट 2023, ट्विकनम, वेल्सचा टेन बाशम. आधी पिवळं कार्ड. मग बंकर. म्हणजे खेळाडू दहा मिनिटं बाहेर बसतो आणि तोवर टीव्हीसमोरचा पंच आठ मिनिटांच्या आत ठरवतो की पिवळंच ठेवायचं की लाल करायचं. लाल झालं. पुढे शिस्त समितीने ते रद्द केलं, कारण जेमी जॉर्जचा धक्का लागून बाशमची दिशा ऐनवेळी बदलली असं त्यांचं म्हणणं. जगभर बोंब झाली. वर्ल्ड रग्बीने (खेळाच्या जागतिक संघटनेने) स्वतः अपील केलं, आणि अपील समितीने नेमकं बोट ठेवलं: हात कवळायचा प्रयत्नच नाही, तर सवलत कसली? सहा सामन्यांपासून सुरुवात करून बंदी चारवर आली.
प्रश्नांचा क्रम पाठ करून ठेवा. डोक्याला लागलं का? चूक आहे का? धोका किती? सवलत द्यावी असं काही आहे का? चौथ्या प्रश्नापर्यंत पोचल्याशिवाय 'समोरचा वाकला' बोलायचं नाही. आपले लोक तिथूनच सुरुवात करतात.

वास्कोची बाय
मास्तर, वाळूवर सगळे टॅकल वर का जातात? मिरामारला पोरं खेळतात तेव्हा बघा, दर तिसरा गळ्याला.

टॅकल मास्तर
पाऊल रुततं बाय. शेवटची छोटी पावलं पडतच नाहीत, मग कंबर खाली जात नाही आणि माणूस नुसता वरून कोसळतो. वाळूवर आधी दोघांनी गुडघ्यांवर बसून सुरुवात करायची, अंतर एक मीटर. मग चेंडूवाला चालत, टॅकल करणारा गुडघ्यावर. मग दोघं चालत. पळणं सगळ्यात शेवटी. ओहोटीला पाण्याच्या कडेची घट्ट वाळू घ्यायची, वरची भुसभुशीत नको. तांबड्या मातीच्या मैदानावर तर पडायचा सरावच नको, खडी कातडं सोलून काढते.

शांत दुपार
कडीला फोडणी देऊन आले. बंदीमुळे काय झालं तेही लिहा ना कुणीतरी. फॅरल नसताना वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध जॉर्ज फोर्डने एकट्याने 27 गुण काढले, तीन ड्रॉप गोल (चालू खेळात ड्रॉपकिकने). समोर 10. तेसुद्धा तिसऱ्याच मिनिटाला टॉम करी बाहेर गेलेला, संघात चौदा माणसं. दुसऱ्या दिवशीपासून 'फॅरल हवाच कशाला'. आणि हे दोघं लहानपणापासूनचे दोस्त बरं का. भांडतात ते चाहते.

कुडचडेकर
आमच्या वाड्यावरच्या भजनी मंडळासारखं. तबलजी दोघंही एका ताटात जेवतात, वाद श्रोत्यांचा.

धा नंबर
मार्सेलला फिजीविरुद्ध संघाची नावं वाचली तेव्हा फॅरलच्या नावावर हुर्यो करणारे इंग्लंडचेच चाहते होते. स्वतःच्याच कॅप्टनची! सामना 24-24 असा अडकला, ह्याने ड्रॉप गोल मारला, वर एक पेनल्टी, 30-24. उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध इंग्लंडचे पंधराच्या पंधरा गुण ह्याचे. हरले 15-16.

शिट्टी
रेफरीच्या बाजूने कुणीच लिहिलं नाही म्हणून.
दहा नंबरचा (फॅरलच्या जागेवरच्या खेळाडूचा) आवाज मोठाच असतो, त्याचं कामच ते. कोण कुठून धावणार, बचावाची रांग कधी वर यायची, सगळं तोच ओरडतो. घोटाळा होतो तो त्याच आवाजात रेफरीशी बोलला की. रेफरीशी कॅप्टनने बोलायचं, खेळ थांबल्यावर, आणि विचारायचं; सांगायचं नाही. 'सर, पुढच्या वेळी आमच्या पिलरने कुठे उभं राहायचं?' ह्याचं उत्तर मिळतं. 'सर, ते बघा ना!' ह्याला उत्तर नाही. तिसऱ्यांदा बोललात तर पेनल्टी दहा मीटर पुढे. पन्नास मीटरवरची किक चाळीसवर आली की हौशी किकरलाही जमते. त्या दहा मीटरची किंमत तीन गुण.
आणि मैदानाबाहेरही गप्प बसायचं असतं. आयर्लंडचा दहा नंबर जॉनी सेक्स्टन बघा. मे 2023 ची डब्लिनची युरोपीय क्लब फायनल, त्याचा क्लब लेन्स्टर 26-27 ने हरला, हा दुखापतीमुळे खेळतही नव्हता, तरी संपल्यावर जाऊन पंचांशी वाद घातला. तीन सामने बंदी. त्याला आयर्लंडमध्ये कुणी शिष्ट म्हणत नाहीत, 'जिद्दी' म्हणतात. बाहेर विचारा.

माडीचा खांब
पिलर म्हणजे?

शिट्टी
रकच्या (खाली पडलेल्या चेंडूवर दोन्हीकडचे झोंबतात त्या गर्दीच्या) अगदी बाजूला उभा राहतो तो बचावातला पहिला माणूस. तुमचाच खांब समजा.

वास्कोची बाय
क्वेड कूपर राहिला. न्यूझीलंडात जन्म, खेळला ऑस्ट्रेलियाकडून, 2011 मध्ये रिची मॅकॉला गुडघा मारला आणि त्याच वर्षीच्या वर्ल्ड कपला सगळ्या न्यूझीलंडने त्याला हुर्यो केली. पुढच्या वर्षी संघाच्या वातावरणावर जाहीर टीका केली, दंड भरला. गर्विष्ठ म्हणून शिक्का. 2017 नंतर चार वर्षं संघाबाहेर. सप्टेंबर 2021 ला परत आला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध: आठपैकी आठ किक, 23 गुण, शेवटची वेळ संपल्यानंतर, लांबून. 28-26. किक गेल्यावर उड्या नाहीत, काही नाही. शांत उभा. तेच तोंड आधी माजोरी वाटायचं, त्या दिवशी साधू वाटलं.

शांत दुपार
फॅरलने नोव्हेंबर 2023 मध्ये देशाकडून खेळणं थांबवलं, स्वतःचं आणि घरच्यांचं मन सांभाळायला. ते वाचून वाईट वाटलं हो. मैदानात हुर्यो झाली की मैदानात संपते. फोनमधली घरी येते.

धा नंबर
मग पॅरिसला रासिंग क्लबकडे, 2025 मध्ये परत जुन्या क्लबला, सारासन्सला. आणि जुलैत बापाने, म्हणजे मुख्य कोच अँडी फॅरलने, लायन्सला (ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक संघात) बोलावलं.

कुडचडेकर
बघा! वशिला!

धा नंबर
एलियट डेलीचा हात मोडला म्हणून बदली, कुडचडेकर. चौथा लायन्स दौरा त्याचा. आधीच्या तीनला बाप मुख्य कोच नव्हता. अँडी फॅरल दुसऱ्या कुणाचा बाप असता तरी त्याला बोलावलाच असता.

कुडचडेकर
पण नाही ना दुसऱ्याचा बाप 😛

टॅकल मास्तर
मेलबर्नला बदली म्हणून आला तेव्हा टॅकल बघा जमल्यास. आवाज बंद करून, फक्त कंबर बघायची.

मांडवीकाठ
बघतो. इकडे वीज गेलीय, फोन बारा टक्के. माडीचा खांब, सुंभ किती लागेल?

माडीचा खांब
सात मीटर घ्या. दोन्हीकडे वेढे द्यायला लागतात, आणि पावसाने ढिला पडतो, दर आठवड्याला ताणा. नायलॉन नको, चेंडू लागून परत येतो आणि पोरं म्हणतात गेला.