"मी नव्हतो, भाऊ होता": खातं कायमचं बॅन झालंय, दुसरं अपील करू का?

उशिराचा_भिडू

सात वर्षांचं खातं गेलं. खेळाचं नाव घेत नाही, कंपनीचंही नाही. पाच विरुद्ध पाच, गोळीबाराचा खेळ, एवढं पुरे. २०१८ ला काढलेलं खातं, २,३०० च्या वर तास, आणि पहिल्या वर्षीची एक स्किन (खेळातल्या बंदुकीचा किंवा पात्राचा सजवलेला वेश) जी नंतर पुन्हा कधीच आली नाही.

झालं असं. मावसभाऊ सोळा वर्षांचा. त्याला सुट्टी लागली आणि तो मागेच लागला, "दादा, तुझं खातं दे ना चार दिवस, माझ्या लेव्हलला रँक्ड, म्हणजे रँक ठरवणारे सामने, उघडतच नाहीत." दिलं. नुसता पासवर्ड नाही, माझ्या फोनवर आलेला ओटीपीसुद्धा मी त्याला फोनवरून वाचून दाखवला. सहा आकडे, तेही दोनदा, कारण पहिल्यांदा त्याने नीट ऐकला नाही. त्याच मेसेजात खाली लिहिलेलं असतं की हा आकडा कुणालाही सांगू नका. तेवढी ओळ मी वाचली नाही.

चौथ्या दिवशी लॉगिनला लाल पट्टी: अनधिकृत सॉफ्टवेअर वापरल्यामुळे खातं कायमस्वरूपी बंद. मावसभावाला फोन केला. आधी "मी काहीच केलं नाही", मग बराच वेळ शांतता, मग हळूच, "मित्राने एम असिस्ट दिला होता, नुसता बघायला लावला." नेम आपोआप धरून देतं ते सॉफ्टवेअर.

मी कंपनीच्या सपोर्टला तिकीट, म्हणजे तक्रार, टाकलं आणि खरं ते लिहिलं. मी खेळत नव्हतो, भाऊ खेळत होता, तो लहान आहे, माझा सात वर्षांचा रेकॉर्ड बघा. दोन दिवसांनी उत्तर आलं की खात्यावर जे घडेल त्याला खातेदार जबाबदार, शिवाय खातं दुसऱ्याला वापरायला देणं हाच मुळात कराराचा भंग आहे. म्हणजे माफी मागायला गेलो आणि दुसरा गुन्हा कबूल करून आलो!

आता विचारायचंय ते असं. दुसऱ्या अपिलाचा काही उपयोग होतो का? तिघांनी सांगितलंय की "हॅक झालं होतं" असं लिही. स्किनवर माझे पैसे गेलेत, ते माझे नाहीत का? आणि मावसभावाने त्याच कॉम्प्युटरवर स्वतःचं खातं काढलं तर तेही उडेल का?

फुल्ल_टू_बंड्या

हॅक म्हणूनच लिही भावा, माझ्या एका मित्राचं तसंच परत आलं होतं. आणि स्किनचे पैसे बँकेत हरकत घेऊन परत मागव. कंपनी दोन दिवसांत सरळ येते.

कलमकसाई

बंडोपंत, तुमचा दुसरा सल्ला आधी निकालात काढतो. बँकेत हरकत घेतली की दुकान तो व्यवहार फसवणुकीचा धरतं आणि अख्खं खातं गोठवतं. भिडूंचा सध्या एकच खेळ बंद आहे. त्याच दुकानातून घेतलेले बाकीचे खेळही घालवायचे असतील तर खुशाल घ्या हरकत.

आता पैसे कुणाचे ते. मला करार वाचायची खोड आहे, घरचे त्याला आजार म्हणतात. बहुतेक करारांत एक वाक्य थोड्याफार फरकाने भेटतं: खेळ तुम्हाला विकलेला नाही, वापरायचा परवाना दिलाय, तो फक्त तुमच्यापुरता आहे आणि दुसऱ्याला देता येत नाही. स्किन त्याच परवान्यात आली. हे कोर्टातही टिकलंय. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन खेळ माणसाऐवजी आपोआप खेळणारा ग्लायडर नावाचा बॉट होता. त्याच्या खटल्यात अमेरिकेतल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं की खेळाडू हे त्या सॉफ्टवेअरचे मालक नव्हेत, परवानाधारक आहेत. फ्रान्समध्ये एका ग्राहक संघटनेने स्टीम हे खेळांचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हला कोर्टात खेचलं. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने सांगितलं की डाउनलोड केलेले खेळ पुन्हा विकता आले पाहिजेत. लोक नाचले. २०२२ मध्ये अपिलात निकाल उलटला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा आहे की नुसता परवाना देत असाल तर "विकत घ्या" म्हणताना गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा. स्टीमवर पैसे भरताना ती ओळ आता दिसते. मालकी त्याने मिळत नाही, आपण काय घेतोय ते आधी कळतं इतकंच.

कंपनीने लिहिलेलं सगळंच टिकतं असंही नाही हं. सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात एका वकिलाचं खातं गोठवलं आणि त्याची आभासी जमीन गेली. तो कोर्टात गेला. कंपनीने करारातलं कलम पुढे केलं की वाद लवादापुढेच चालायचा. २००७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या न्यायालयाने ते कलम फारच एकतर्फी आहे म्हणून बाजूला सारलं, आणि पुढे दोघांनी आपसात मिटवलं. पण तुमच्या केसमध्ये झगडण्यासारखं असं काही नाही. चीट लावलं गेलं हे तुम्हीच मान्य करताय.

आणि न वाचता "मान्य आहे" दाबल्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. २०१० च्या १ एप्रिलला गेमस्टेशन या ब्रिटिश दुकानाने गंमत म्हणून अटींत घुसडलं होतं की गिऱ्हाइकाचा अमर आत्मा आता आमचा. साडेसात हजार लोकांनी आत्मा देऊन टाकला.

तिकीटवाली

मी पावणेतीन वर्षं एका खेळाच्या सपोर्टला होते, वेगळ्या खेळाच्या. दिवसभर तिकिटं वाचायची. आमच्यात तुमच्यासारख्या तिकिटाला नावच होतं, "भाऊ तिकीट". कधी भाऊ, कधी रूममेट, कधी घरी आलेला पाहुणा. एकदा मांजर कीबोर्डवर बसल्याचंही वाचलंय.

गंमत म्हणजे भाऊ खोटा आहे असं आम्ही धरत नसू. असेलही खरा. पण समोरच्या पाच जणांचा सामना नासला तो नासलाच, कुणाच्या भावाने नासवला याच्याशी त्यांना काय करायचंय? म्हणून नियम माणसावर नाही, खात्यावर बसवलेला असतो. नाहीतर प्रत्येक चीट करणाऱ्याला एकेक भाऊ फुटला असता.

"हॅक झालं" कृपा करून लिहू नका. तिकीट उघडलं की आमच्यासमोर काय असायचं सांगते. कधी लॉगिन झालं, कुठल्या यंत्रावरून, ओटीपी कुठल्या फोनवर गेला, पासवर्ड बदलला का, ईमेल बदलला का. खरा चोर आत शिरला की पहिल्या दहा मिनिटांत ईमेल बदलतो, विकता येईल ते काढून नेतो आणि रात्री तीनला तुमच्या मित्रांना भलत्याच भाषेत लिंका पाठवतो. चोर तुमच्या फोनवरच्या ओटीपीने आत येत नाही. दुपारी दोन ते सात नेमाने चार दिवस रँक्ड खेळत नाही. आणि चॅटमध्ये "थांबा रे, दादाचा फोन आलाय" असं लिहीत नाही. हे शेवटचं मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलंय, "माझं खातं रशियन हॅकरने नेलं" या तिकिटाखाली.

शिवाय जुनं तिकीट पुसलं जात नाही. वर तुमचा भाऊ, खाली तुमचा हॅकर, वाचणाऱ्याला दोन्ही एकाच पानावर दिसणार.

दुसरं अपील कधी चालतं? ओळखण्यात चूक झाली असेल तेव्हा. किंवा फक्त शेअरिंगसाठी ठरावीक दिवसांची बंदी असेल तर कधीकधी ती कमी होते. चीटवरची कायमची बंदी भावासाठी उठलेली मी एकदाही पाहिली नाही.

कॉम्प्युटरचं मात्र विचारून घ्या. काही खेळ खात्याबरोबर यंत्रावरही खूण करतात. मग तिथून नवीन खातं काढलं की तेही जातं, आणि बंदी चुकवायला काढलं असा शिक्का वर बसतो. तिकिटात सरळ तेवढंच विचारायचं, रडगाणं नको. चार ओळींच्या तिकिटाला लवकर उत्तर मिळतं, हा माझा अनुभव.

एक विचारू? त्या चार दिवसांत मध्ये तुम्ही स्वतः लॉगिन झाला होतात का? कारण तेही दिसतं.

उशिराचा_भिडू

बरोबर दुखतंय तिथेच बोट ठेवलंत. झालो होतो. तिसऱ्या दिवशी, सहज, कामातून पाच मिनिटं काढून. रँक दोन पायऱ्या वर गेलेली. शेवटच्या सामन्यात ३८ मारले, ४ वेळा मेला. सात वर्षांत मी स्वतः तिशीच्या पुढे कधी गेलेलो नाही.

संशय यायला हवा होता ना? मी स्क्रीनशॉट काढला आणि आमच्या ग्रुपवर टाकला. एकाने विचारलं, "तू??" मी नुसता अंगठा टाकला.

हॅकवालं पत्र मसुद्यातून उडवलं.

कलमकसाई

३८ ला ४! आणि अंगठा!

बरं, एक ऐका. पैसे घेऊन दुसऱ्याची रँक चढवून द्यायचा धंदा दक्षिण कोरियात २०१९ पासून कायद्याने गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या मावसभावाने फुकटात केलं हे नशीब.

एक_पीसी_चार_माणसं

मला कायद्यातलं कळत नाही, पण एका घरात चौघं खेळतो म्हणून सांगते. पासवर्ड वाटणं आणि खेळ वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्हालाही हे फार उशिरा कळलं. आधी आम्ही चौघं नवऱ्याच्या एकाच खात्यावर होतो. धाकट्याने थोरलीचा सेव्ह (खेळात जिथवर पोचली ती नोंद) पुसला तेव्हा घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

स्टीमवर २०२४ पासून फॅमिलीची सोय आहे. जास्तीत जास्त सहा जण, एकाच घरातले, आणि प्रत्येकाचं खातं वेगळं. खेळ एकमेकांचे चालतात, सेव्ह ज्याचा त्याच्याकडे. एकाच वेळी दोघांना तोच खेळ हवा असेल तर दोन प्रती लागतात. घर बदलायचं म्हटलं तर सहज होत नाही, आधीच्या फॅमिलीत शिरल्यापासून वर्ष भरेपर्यंत दुसऱ्यात जाता येत नाही. म्हणून मित्रांना "आपण सगळे भाऊच" म्हणून आत घेणाऱ्यांनी जरा थांबावं.

आणि भिडू, तुमच्या कामाची गोष्ट ही की तुमची प्रत वापरून फॅमिलीतल्या कुणी चीट केलं आणि तो बॅन झाला, तर त्या खेळात तुम्हीही बॅन होता. सोय अधिकृत असली तरी भाऊ तिथेही नडतो. फोन नंबरही सांभाळा. स्टीमची व्हॅक, म्हणजे चीट पकडणाऱ्या यंत्रणेची, बंदी बसली की त्या वेळी तोच नंबर लावलेली बाकीची खातीही त्यात सापडतात. मुलांच्या खात्यांना मी माझा नंबर लावला होता, हे वाचलं त्या रात्रीच काढला.

कलमकसाई

यात एक भर. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या जुन्या करारात एक सूट होती. आईवडील किंवा पालक असाल तर तुमच्याऐवजी तुमच्या एका अल्पवयीन मुलाला खातं वापरू देता येईल. एकाच. दोन मुलं असलेल्या घरात काय व्हायचं कोण जाणे. पण त्या कलमातही मावसभाऊ बसत नाही, मी दोनदा वाचलंय.

फुल्ल_टू_बंड्या

ओके ओके, माझा सल्ला मागे. मित्राला आत्ताच विचारलं. त्याचं खरंच हॅक झालं होतं म्हणे.

पण मग विकत घेतलेल्या खात्याचं काय? मी एक घेणार होतो. जुनं आहे, सगळ्या स्किन आहेत, विकणारा ईमेलही बदलून देतोय.

तिकीटवाली

नका घेऊ. खातं कुणाचं हे ठरवताना आम्ही सध्याचा ईमेल बघत नव्हतो, पहिला बघायचो. शिवाय पहिल्या खरेदीची पावती, कधी आणि कशाने पैसे भरले ते. हे सगळं विकणाऱ्याकडेच राहतं. सहा महिन्यांनी तो तिकीट टाकतो की माझं खातं चोरीला गेलं, आणि कागद बघितले तर तो खरा ठरतो. तुम्ही पैसे दिल्याचा पुरावा पाठवलात तर तो खातं विकल्याचा पुरावा झाला, म्हणजे खातं बंदच. तेच खातं तीन-तीन जणांना विकणारे मी पाहिलेत.

उशिराचा_भिडू

उशीर झाला, नावाप्रमाणे. शेवट सांगून टाकतो.

चार ओळींचं तिकीट टाकलं. खातं मीच दिलं होतं, बंदी मान्य आहे, फक्त दोनच गोष्टी सांगा: त्या यंत्रावर बंदी आहे का, आणि घरच्या दुसऱ्या माणसाने तिथे स्वतःचं खातं काढलं तर चालेल का? दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. बंदी कायम. यंत्रावर काही नाही. दुसऱ्या माणसाने काढावं, त्याने स्वतःच वापरावं. "स्वतःच" हा शब्द त्यांनी ठळक केला होता.

ग्रुपवरचा स्क्रीनशॉट काढून टाकला आणि तो मी नव्हतो हे लिहिलं. "माहीत होतं", असे पाच जणांचे एकदम मेसेज आले.

रविवारी मावसभावाकडे जाऊन बसलो. विंडोज पुसून नव्याने टाकलं, एम असिस्ट कुठे उरला असेल तर नको म्हणून. त्याचं खातं, त्याचा ईमेल, त्याचा नंबर. ओटीपी आला तेव्हा सवयीने म्हणालो, "वाच", तर त्याने फोन उलटा ठेवला. बरेच दिवस खालच्या लेव्हलला घासावं लागेल तेव्हा कुठे रँक्ड उघडेल.

पहिल्या सामन्यात २ मारले, १४ वेळा मेला. मी शेजारी बसून बघत होतो.