मदत हवी आहे: पाचोळ्यातला दीड मिलिमीटरचा कोळी

धारणीजवळ शेताच्या धुऱ्यावर, सागाच्या पाचोळ्यात सापडला. (जागा खासगी, राखीव जंगलातली नाही.) सहा डोळे, पोटावर नारिंगी कडक ढाल, म्हणजे बहुतेक ऊनोपिडी कुळ (गॉब्लिन कोळी). चार नर, दोन माद्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये आहेत. नराचा डावा पाल्प (तोंडाजवळचा, मीलनासाठीचा अवयव; जात यावरून ओळखतात) काढून चित्रं केली. वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगमधल्या (जगभरच्या कोळ्यांची ऑनलाइन यादी) जुन्या वर्णनांशी ताडली, जुळत नाहीत. तरी नवी जात म्हणायची घाई नाही.

अडलंय मादीपाशी. जात ठरवायला तिचे आतले जननावयव दिसायला हवेत, पण ऊती पारदर्शक करायला लवंग तेलात ठेवूनही ते धूसरच दिसतात. कॉलेजचा साधा कंपाउंड मायक्रोस्कोप आहे, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नाही. मोबाइलचे फोटो मागू नका, नुसता ठिपका येतो!

आतलं मांस विरघळवायला इतक्या लहान मादीला पोटॅशियम हायड्रॉक्साइड किती टक्के, किती वेळ द्यावं? की दोनच माद्या असताना पॅन्क्रिॲटिन (मांस पचवणारं विकर) बरं?