विषय: अ‍ॅम्युझमेंट पार्कची सहल आणि बल-गतीचे धडे

प्रेषक: बालविभाग समन्वयक

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

रविवारच्या मराठी वर्गातील ९ ते १४ वयोगटाच्या मुलांची सहल यंदा अ‍ॅम्युझमेंट पार्कला न्यावी, असे कार्यकारिणीच्या बैठकीत ठरले आहे. तेथील राइड्सच्या निमित्ताने बल आणि गती हे विषय मुलांना मराठीतून समजावून द्यावेत, अशी सूचना काही पालकांनी केली. तर असे केल्यास सहलीचा वर्ग होईल आणि मुलांचा विरस होईल, अशी शंका इतरांनी व्यक्त केली. पदार्थविज्ञान शिकवण्याचा ज्यांना अनुभव आहे, त्यांनी कोणत्या राइड्स निवडाव्यात, मुलांना काय विचारावे आणि गणित कितपत आणावे, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

आपली नम्र,
समन्वयक

---

प्रेषक: एक सभासद (निवृत्त शिक्षक)

ताई, सप्रेम नमस्कार.

विरस होण्याची शंका रास्त आहे. रांगेत उभे राहून न्यूटनचे तिन्ही नियम म्हणून दाखवणाऱ्या काकांचा मुले धसका घेतात. म्हणून माझी सूचना एवढीच, की प्रत्येक राइड आधी बाहेरून नीट पाहावी, आत बसल्यावर कोणत्या जागी जड वाटेल आणि कोणत्या जागी हलके वाटेल याचा अंदाज मुलांनी स्वतः वर्तवावा, आणि मगच बसायला जावे. स्पष्टीकरण खाली उतरल्यावर, तेही मुलांनी विचारले तर द्यावे. आधी वर्तवलेला अंदाज चुकला, की प्रश्न आपोआप येतात.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे आणि ती पाठ्यपुस्तकांत फारशी ठळकपणे येत नाही. आपल्याला आपले वजन म्हणून जे जाणवते, ते गुरुत्वाकर्षणाचे ओढणे नसून खालच्या आसनाचा किंवा जमिनीचा आपल्यावरचा रेटा असतो. उंच मनोऱ्यावरून खाली सोडणाऱ्या राइडमध्ये गुरुत्वाकर्षण तसूभरही कमी झालेले नसते. परंतु आपण आणि आसन एकाच त्वरणाने (वेग वाढण्याच्या एकाच दराने) खाली जात असल्यामुळे आसनाचा रेटा जवळजवळ नाहीसा होतो आणि पोटात गोळा येतो. हवेचा अडथळा सोडून दिला, तर अशा पतनात पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर, दोन सेकंदांत १९.६ मीटर आणि तीन सेकंदांत ४४ मीटर अंतर कापले जाते. तिसऱ्या सेकंदाच्या शेवटी वेग ताशी १०५ किलोमीटरच्या घरात असतो. म्हणजे ज्या क्षणांसाठी मुले तासभर रांगेत उभी राहतात, ते क्षण दोन-तीन सेकंदांत संपतात, हेही त्यांना घड्याळ लावून पाहू द्यावे. अशा अनेक मनोऱ्यांचे ब्रेकही पाहण्याजोगे असतात. कायम चुंबकांजवळून तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी वेगाने गेली, की त्या पट्टीत विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि ते त्या गतीलाच विरोध करतात. या ब्रेकला बाहेरून वीज लागत नाही, त्यामुळे वीजपुरवठा खंडित झाला तरी तो काम करतो.

सुरुवात मात्र मनोऱ्यापासून न करता कोलंबसपासून, म्हणजे झुलत्या जहाजापासून करावी. हे जहाज म्हणजे एक मोठा लंबक आहे. सर्वांत जड कुठे वाटेल असे विचारले, तर भीती वरच्या टोकाला वाटते म्हणून बहुतेक मुले टोकाकडे बोट दाखवतात. प्रत्यक्षात टोकाला जहाज क्षणभर थबकते आणि तिथे आसनाचा रेटा सर्वांत कमी असतो. खालच्या बिंदूपाशी वेग सर्वाधिक असतो आणि तिथे आसनाचा रेटाही सर्वाधिक होतो. जहाज दोन्ही बाजूंना ६० अंशांपर्यंत जात असेल, तर मधल्या आसनावर बसलेल्या ३० किलोच्या मुलाला खालच्या बिंदूपाशी आपण ६० किलोचे झालो आहोत असे वाटते आणि टोकाला केवळ १५ किलोचे. गंमत अशी, की या हिशेबातून जहाजाच्या दांड्याची लांबी गळून जाते, त्यामुळे लहान-मोठ्या कोणत्याही कोलंबसला तो लागू पडतो. मोठ्या मुलांना ऊर्जेच्या अक्षय्यतेवरून (ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते या नियमावरून) हे उत्तर स्वतः काढता येईल. लहानांनी एका झोक्यात किती वेळा जड आणि किती वेळा हलके वाटले, एवढेच मोजावे.

साखळ्यांनी टांगलेल्या खुर्च्या जिथे गोल फिरतात, तिथे जाण्याआधी विचारावे: भरलेली खुर्ची जास्त बाहेर जाईल की रिकामी? नंतर काही न बोलता वर पाहायला सांगावे. शेजारच्या रिकाम्या खुर्चीची साखळी आणि धष्टपुष्ट मामांची साखळी जवळजवळ एकाच कोनात झुकलेली दिसते. वजन वाढले की खाली ओढणारे बल वाढते, आणि वळवण्यासाठी लागणारे बलही त्याच प्रमाणात वाढते, म्हणून कोन ठरतो तो वेग आणि त्रिज्या यांवरून. हेच तत्त्व फिरत्या पिंपासारख्या रोटर राइडमध्ये आहे, जिथे तळ खाली सरकतो आणि माणसे भिंतीला चिकटून राहतात. पिंपाची त्रिज्या २ मीटर आणि भिंत व कपडे यांमधील घर्षणांक (पकड किती आहे हे सांगणारी संख्या) ०.४ धरला, तर मिनिटाला सुमारे ३३ फेऱ्या झाल्या की माणूस घसरत नाही, मग तो कितीही किलोचा असो.

बंपर कारवर फार वेळ घालवू नये. प्रत्येक बलाला तेवढेच उलट बल असते, हा न्यूटनचा तिसरा नियम तिथे शब्दशः अंगावर येतो. रबरी पट्ट्यामुळे धडकेचा काळ लांबतो आणि त्यामुळे बल कमी होते, एवढे सांगितले की पुरे.

रोलर कोस्टरमधील उभा फास (गाडी उलटी होऊन जाते तो लूप) पाहताना मुलांना त्याचा आकार वहीत काढायला सांगावा. बहुतेक जण वर्तुळ काढतात. फास मात्र उलट्या थेंबासारखा असतो: माथ्याशी वळण घट्ट आणि तळाशी पसरट. यामागे इतिहास आहे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५ साली सुरू झालेल्या फ्लिप फ्लॅप या राइडचा फास गोल होता आणि त्यात बसणाऱ्यांच्या मानेला त्रासदायक हिसके बसत. कारण हिशेबात दिसते: गोल फासाच्या माथ्यावर गाडी जेमतेम रुळाला धरून राहील एवढाच वेग ठेवला, तरी तळाशी माणसाला आपले वजन सहापट झाल्यासारखे वाटते. फासाची वक्रता तळाशी सौम्य आणि माथ्याशी तीव्र ठेवली, की तळाचा भार बराच उतरतो. व्हेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याने हा आकार वापरला आणि १९७६ साली कॅलिफोर्नियातील मॅजिक माउंटनमध्ये रेव्होल्यूशन ही राइड सुरू झाली, तेव्हापासून उभे फास पुन्हा रूढ झाले.

पुढचा डबा की मागचा, हा वाद मुलांत हमखास होतो. तो मोडू नये, वाढू द्यावा. चढाचा माथा ओलांडताना पुढचा डबा सावकाश जातो, कारण उरलेली गाडी अजून चढत असते. मागचा डबा माथ्यावर येईपर्यंत गाडीने वेग घेतलेला असतो, म्हणून मागे बसणाऱ्यांना आसनावरून उचलल्यासारखे वाटते.

आपला,
एक सभासद

---

प्रेषक: एक पालक

काका, नमस्कार.

आपले पत्र आम्ही घरी मोठ्याने वाचले. त्यावरून दोन प्रश्न पुढे आले. माझ्या मुलाला शाळेत सांगण्यात आले, की अपकेंद्री बल, म्हणजे वळताना बाहेर ढकलणारे बल, असे काही नसतेच. परंतु वळणावर आपण बाहेर फेकले जातो हे त्याला स्वतःच्या अंगावर जाणवते, तेव्हा खरे कोणाचे, असे तो विचारतो. दुसरे असे, की धाकटी मुलगी उंचीच्या अटीत बसत नाही आणि तिला उंचावर जायची भीतीही वाटते. तिने दिवसभर नुसते बाकावर बसायचे का?

---

प्रेषक: एक सभासद (निवृत्त शिक्षक)

ताई, नमस्कार.

दोघांचेही खरे, मात्र दोघे वेगवेगळ्या ठिकाणी उभे राहून हिशेब मांडत आहेत. जमिनीवर उभे राहून पाहिले, तर मुलाचे शरीर सरळ जाऊ पाहते, गाडी वळते, आणि गाडीची बाजू येऊन त्याला आत ढकलते. या हिशेबात बाहेर ढकलणारे कोणीच नाही. फिरत्या गाडीत बसूनच हिशेब करायचा असेल, तर बाहेरच्या दिशेचे बल मानल्यावाचून तो जुळत नाही. गोंधळ होतो तो अर्धा हिशेब जमिनीवरून आणि अर्धा गाडीतून केल्याने. सहलीआधी एखाद्या बागेतील हाताने फिरवायच्या चक्रीवर समोरासमोर बसून त्याने आणि मित्राने मऊ चेंडू एकमेकांकडे टाकून पाहावा. त्यांना तो वळत गेल्यासारखा दिसेल, आणि बाहेर उंचावर स्थिर धरलेल्या मोबाइलच्या चित्रीकरणात सरळ गेलेला दिसेल. राइडवर मात्र हातात काहीही नेऊ नये. सुटी वस्तू निसटली तर खालच्या माणसाला इजा होते.

धाकटीला मेरी-गो-राउंडवर अवश्य बसवावे. केंद्रापासून ६ मीटरवरचा घोडा ३ मीटरवरच्या घोड्याच्या दुप्पट वेगाने जातो, जरी दोघांची फेरी एकाच वेळी पूर्ण होत असली तरी. एकदा आत आणि एकदा बाहेर बसली, की तिला फरक कळेल. बाकी वेळ ती बाकावर बसून राहणार नाही, कारण मोजमापे खालूनच घ्यावी लागतात आणि भीती वाटणाऱ्या कोणाही मुलाला वर चढण्याचा आग्रह करण्याचे कारण नाही. रोलर कोस्टरचा एक खांब निवडून गाडीचे नाक तिथे आल्यापासून शेपूट जाईपर्यंतचा वेळ तिने मोजावा. १५ मीटरच्या गाडीला पाऊण सेकंद लागला, तर वेग ताशी ७२ किलोमीटर झाला. बटण दाबण्यात पावसेकंदाचीही चूक होऊ शकते आणि इथे ती फार मोठी आहे, म्हणून अनेक मुलांची मापे घेऊन सरासरी काढावी.

उंची मोजण्यासाठी कोनमापकाला दोरा आणि छोटे वजन बांधले की काम भागते: माथा ४५ अंशांवर दिसेपर्यंत सपाट जमिनीवर मागे सरकायचे, आणि पायथ्यापर्यंतच्या अंतरात डोळ्यांची उंची मिळवायची. ही साधने मुलांकडून आदल्या रविवारच्या वर्गातच करून घ्यावीत. त्या वर्गाला मी येईन, दोरा आणि पुठ्ठे घेऊन येईन. प्रत्येक मुलाने पावलाची लांबीही त्याच दिवशी मोजून ठेवावी, कारण पार्कात मोजपट्टी पसरायला जागा मिळेलच असे नाही.