टर्बो जमिनीवरचा आणि हवेतला

माझदा आरएक्स-७ गाडीचं १३बी-आरईडब्ल्यू हे रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं) टर्बोसकट विमानात बसवावं का, अशी चर्चा चालू आहे. टर्बो म्हणजे एक्झॉस्टने फिरणारी टर्बाइन आणि तिच्या जोरावर इंजिनात जादा हवा दाबणारा कॉम्प्रेसर. 'हा टर्बो गाडीत २५५ हॉर्सपॉवर झेलतो, मग विमानात १८० घेताना का मरेल?' असं एकाने विचारलंय. आकडा बरोबर आहे, पण गाडीत फुल बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) फार तर दहा सेकंद मिळतो, तेवढ्यात पुढे ट्रक येतो. विमानात तीच ओढ तास-दोन तास चालू. त्यात रोटरीला एक्झॉस्ट व्हॉल्व्हच नाही. रोटरचं टोक पोर्टवरून सरकलं की भोक एकदम उघडतं आणि अजून जळत असलेला गॅस थेट टर्बाइनवर आदळतो. अशा उष्णतेत राबलेला एक टर्बो मी उघडला होता. वेस्टगेटच्या (जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) भोकापासून निघालेली चीर एवढी रुंद होती की नख आत जात होतं.

उंचीचा मुद्दा मात्र अजून कोणीच काढला नाही. मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीचा) दाब कायम ठेवायला लावलेला वेस्टगेट फक्त तो दाब ओळखतो, टर्बो किती जोरात फिरतोय ते नाही. समुद्रसपाटीला ७ पीएसआय बूस्ट म्हणजे कॉम्प्रेसरला हवा साधारण दीडपट दाबायची. १८,००० फुटांवर बाहेरचा दाब निम्मा, त्यामुळे मॅनिफोल्डचा तोच दाब टिकवायला तिप्पट. वेस्टगेट बिचारा इमानदारीत बंद होत जातो, टर्बोचे आरपीएम चढत जातात आणि कॉकपिटमधला बूस्ट गेज जागचा हलत नाही. मी तरी वेस्टगेटला हाताने चालवायची केबल लावेन, टर्बोला आरपीएम सेन्सर बसवेन आणि टर्बाइनचं हाउसिंग मोठं घेईन. मोठ्या हाउसिंगमुळे टेक-ऑफला बूस्ट उशिरा आला तर येऊ दे, धावपट्टीवर सिग्नल नसतात.